बेरीज = बेरीज + संख्या?

एक ते शंभरमधल्या सम संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम आपण लिहू. ‘बेरीज’ नावाच्या डब्यात आधी ० ठेवू, ‘संख्या’ नावाच्या डब्यात २. मग संख्या १००च्या पुढे जात नाही तोवर या दोन ओळी पुन्हा पुन्हा चालवायच्या:

बेरीज = बेरीज + संख्या
संख्या = संख्या + २

आता जरा थांबू. पहिली ओळ गणित म्हणून वाचली, तर दोन्हीकडची बेरीज उडते आणि उरतं ० = संख्या. पण संख्या तर २ आहे! तर्कशास्त्राच्या पेपरात आम्ही इथे फुलीच मारली असती. मात्र हे विधान नाहीच, ही आज्ञा आहे: उजवीकडचं आधी मोजा, आलेलं उत्तर डावीकडच्या डब्यात ठेवा. विधान खरं किंवा खोटं असतं. आज्ञा फक्त पाळायची असते. रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली हे चिन्ह वापरलं ते समानतेसाठी. पास्कल भाषेत आज्ञेसाठी ‘:=’ असं वेगळं चिन्ह आहे; आम्हाला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

डब्यात क्रमानं २, ६, १२, २० असं साठत जातं आणि पन्नासाव्या फेरीला २५५०. पडताळा हवा? ५० × ५१. सूत्राला आधी-नंतर नसतं, आज्ञांना असतं. त्या दोन ओळींची अदलाबदल करून पाहा: २ गळतो, १०२ घुसतो, उत्तर २६५०. आणि यंत्र काही तक्रार करत नाही.