ध्रुवावर जाणारे लाखभर, राहणारे हजारभर

२०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २२ हजार पर्यटक अंटार्क्टिकाला गेले. आदल्या हंगामात हा आकडा सुमारे १ लाख ५ हजार होता, म्हणजे वर्षभरात १६ टक्क्यांची वाढ. २०२४-२५ मध्ये तो जवळपास ३ टक्क्यांनी उतरून सुमारे १ लाख १८ हजारांवर आला. याच खंडावर हिवाळ्यात मुक्कामाला असतात ती सर्व देशांची मिळून सुमारे एक हजार माणसं. तरुण वयातली ध्रुवीय मोहीम आयुष्याला आणि कारकिर्दीला वळण देते का, या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. ते ठरतं जाऊन येण्यावर नाही, राहून काम करण्यावर.

आधी जाऊन येणाऱ्यांचा हिशेब. २०२३-२४ च्या पर्यटकांपैकी सुमारे ७९ हजार किनाऱ्यावर उतरले, तर ४३ हजार, म्हणजे ३५ टक्के, जहाजावरूनच परतले. याचं एक कारण नियमांत आहे. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवासी उतरवता येत नाहीत आणि एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरू शकत नाहीत. त्यामुळे दहा-बारा दिवसांच्या सफरीतही प्रत्यक्ष बर्फावरचा वेळ तासांत मोजावा लागतो.

तरुणांच्या मोहिमा

तरुणांसाठीच्या मोहिमांना नव्वदहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. स्कॉटच्या १९१०-१३ च्या अंटार्क्टिका मोहिमेतले डॉक्टर जॉर्ज मरे लेविक यांनी १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना मोहिमांवर नेणारी संस्था काढली. कॅनडात २००० साली सुरू झालेल्या ‘स्टुडंट्स ऑन आइस’ने आतापर्यंत ३ हजारांहून अधिक जणांना ध्रुवीय प्रदेशात नेलं. दोन्ही ध्रुवांवर चालत पोहोचलेले पहिले गृहस्थ रॉबर्ट स्वान (दक्षिण ध्रुव १९८६, उत्तर ध्रुव १९८९) यांच्या अंटार्क्टिका मोहिमांत भारतीय विद्यार्थी आणि नोकरदार जाऊन आले आहेत. शिष्यवृत्ती नसेल तर अशा मोहिमेचा खर्च विमानभाड्यासह सहसा १० लाख रुपयांच्या पुढे जातो. निवडीत गुणवत्तेबरोबर ऐपतही मोजली जाते, असा याचा अर्थ.

बर्फ डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्याचा राखणदार होतो, ही या मोहिमांमागची धारणा. आकडे तिला जपून वापरायला सांगतात. अंटार्क्टिकाच्या सागरी पर्यटनावरच्या २०१० मधल्या एका अभ्यासाला परतलेल्या प्रवाशांच्या वागण्यात तसा बदल झाल्याचा पुरावा सापडला नाही. २०२२ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने जहाजांच्या धुरातल्या काजळीचा हिशेब मांडला. २०१६ ते २०२० या काळात दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळला, असं त्यात निघालं. प्रवासाची ही किंमत आहे. ती वसूल व्हायची, तर परतल्यावर पुढे काम व्हायला हवं.

राहणाऱ्यांचा हिशेब

राहणाऱ्यांबद्दलचा पुरावा जास्त भक्कम आहे, कारण त्यांची तुलना करता येते. अमेरिकी नौदलाच्या ३२७ जणांनी १९६३ ते १९७४ या काळात अंटार्क्टिकावर हिवाळा काढला. त्यांची तुलना याच कामासाठी पात्र ठरलेल्या, पण दुसरीकडे नेमणूक झालेल्या २,३९६ जणांशी करण्यात आली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या उलटा होता. हिवाळा काढलेल्यांना नंतरच्या काळात रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. दोन्ही गट पात्रच होते, त्यामुळे हा फरक केवळ निवडीने समजावता येत नाही.

कारकिर्दीच्या बाबतीत दोन बालवीरांची, म्हणजे स्काउटांची, उदाहरणं पुरेशी आहेत. स्कॉटलंडचा जेम्स मार १९२१ मध्ये अंटार्क्टिकाला निघालेल्या शॅकल्टनच्या ‘क्वेस्ट’ जहाजावर चढला तेव्हा १८ वर्षांचा होता. २२ वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याने ब्रिटनच्या ‘ऑपरेशन टॅबरिन’ या अंटार्क्टिका मोहिमेचं नेतृत्व केलं. आजचं ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण त्याच मोहिमेतून वाढलं आणि ओझोनच्या थरातलं छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आणलं ते याच संस्थेने. अमेरिकेचा पॉल सिपल १९२८ मध्ये बर्डच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेला तो १९ व्या वर्षी. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते हे मोजण्याची पद्धत त्याच्या कामातून आली. २८ वर्षांनी, १९५६-५७ मध्ये, दक्षिण ध्रुवावर माणसांनी काढलेल्या पहिल्या हिवाळ्यात तो विज्ञानप्रमुख होता. दोघांच्याही बाबतीत पहिल्या मोहिमेनंतर दुसरी होती आणि मधल्या काळात शिक्षण होतं.

भारताचे आकडे

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम २१ जणांची. ६ डिसेंबर १९८१ ला ती गोव्याहून निघाली, ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला परतली, एकूण ७७ दिवस. दोन वर्षांनी तिसऱ्या मोहिमेत ८१ जण होते. त्यांनी आठ आठवड्यांत ‘दक्षिण गंगोत्री’ हे संशोधन केंद्र उभारलं आणि १२ जण पहिल्या भारतीय हिवाळ्यासाठी तिथे थांबले. पुढे १९८९ मध्ये ‘मैत्री’, २००८ मध्ये उत्तर ध्रुवीय प्रदेशात ‘हिमाद्री’ आणि २०१२ मध्ये ‘भारती’ सुरू झालं.

त्या ८१ मध्ये स्त्रिया दोन, म्हणजे अडीच टक्के. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या नागपूरला जन्मलेल्या समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. अदितीताईंना समुद्राची ओढ लागली ती विद्यार्थिदशेत ॲलिस्टर हार्डी यांच्या समुद्रजीवनावरच्या पुस्तकातून. बर्फावर त्या पोहोचल्या तेव्हा चाळिशीत होत्या. मधल्या वर्षांत हवाई आणि लंडनमधलं शिक्षण आणि गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतलं काम झालं होतं. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. मार आणि सिपल यांच्या बाबतीत मोहीम आधी आणि कारकीर्द नंतर; अदिती पंत यांचा क्रम उलटा. क्रम कोणताही असो, दोन्हीकडे संस्थेचा आधार होता.

हिवाळी मुक्कामात भारतीय स्त्री पोहोचायला आणखी वेळ लागला. पहिला भारतीय हिवाळा १९८४ चा, तर तिथे हिवाळा काढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, डॉ. कंवल विल्कू, १९९९-२००० मध्ये गेल्या. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या. २३ जणांच्या तुकडीत स्त्री त्या एकट्या आणि वय ५६.

या मांडणीत न बसणारं एक मराठी उदाहरण आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ ला, वयाच्या २१ व्या वर्षी, उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंश तापमानात २,४०० फुटांवरून पॅराशूटने उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी. १५ डिसेंबर २००६ ला अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून दुसरी ध्रुवीय उडी झाली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बर्फावर त्या राहिल्या नाहीत, तरी कारकीर्द घडली. मात्र ती बर्फातली नव्हे, आकाशातली. मोहिमेनंतर त्या शेकडो उड्या घेत राहिल्या, त्यातून ती घडली.

शहाडहून किती लांब?

ठाणे जिल्ह्यात, कल्याणजवळ असलेल्या शहाडचा अक्षांश सुमारे १९ अंश १४ मिनिटं उत्तर, ‘मैत्री’चा ७० अंश ४६ मिनिटं दक्षिण. बेरीज ९० अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १० हजार किलोमीटर. संस्थांचं अंतर मात्र बरंच कमी आहे. ‘मैत्री’वर चुंबकीय निरीक्षणं करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्याला लागून. मोहिमा आखणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘हिमाद्री’वर भारताची पहिली हिवाळी मोहीम गेली, तेव्हा पहिल्या तुकडीत चार संस्थांचे संशोधक होते. त्यांतल्या दोन संस्था पुण्याच्या आणि गोव्याच्या.

कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीसाठी ही एक वाट. दुसरी वाट जास्त रुंद आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. ‘भारती’च्या मुख्य इमारतीत ४७ जणांची सोय आहे. ती इमारत उबदार ठेवायला जनरेटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, बॉयलर चालक, क्रेन चालक, सुतार, स्वयंपाकी आणि डॉक्टर लागतात. या जागांसाठी वास्कोचं केंद्र करारावर भरती करतं. पगार असतो, त्यावर अंटार्क्टिका भत्ता असतो. दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय तपासणी आणि औलीला बर्फावरचं प्रशिक्षण होतं. सेंच्युरी रेयॉनच्या भोवती वाढलेल्या शहाडमध्ये आणि शेजारच्या अंबरनाथच्या आयटीआयमध्ये हीच कौशल्यं शिकलेले तरुण आहेत. पर्यटक म्हणून जाण्याचा खर्च १० लाखांच्या पुढे. वेल्डर म्हणून गेल्यास वर्षभराचा पगार हातात. कारकिर्दीच्या दृष्टीने दुसरा व्यवहार सरस आहे, आणि शाळा-महाविद्यालयांच्या मार्गदर्शन वर्गांत तो सांगितला गेला पाहिजे.

शेवटी दोन तारखा. अंटार्क्टिकावरची खाणबंदी २०४१ मध्ये संपते, असं अनेकदा सांगितलं जातं. तसं नाही. ही बंदी घालणाऱ्या १९९१ च्या माद्रिद कराराला समाप्तीची तारीखच नाही. १९९८ मध्ये तो लागू झाला आणि ५० वर्षांनी, २०४८ पासून, निर्णयात मत असलेल्या सल्लागार देशांपैकी कोणालाही फेरविचाराची परिषद मागता येईल. असे २९ देश आहेत आणि भारत १९८३ पासून त्यांत आहे. त्या टेबलावर भारताचं वजन तिथे काम केलेल्या माणसांच्या अनुभवावर ठरेल.

त्याआधी २०३२-३३ मध्ये पाचवं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष, म्हणजे जगभरच्या ध्रुवीय संशोधनाचं वर्ष, येत आहे. आधीची चार १८८२-८३, १९३२-३३, १९५७-५८ आणि २००७-०८ मध्ये झाली. तरुण ध्रुवीय संशोधकांची जागतिक संघटना चौथ्या ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने उभी राहिली. आज दहावीत असलेली मुलं पाचव्या वेळी विशी ओलांडलेली असतील. पदवी किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र तोवर हातात येऊ शकतं. त्यांना आजच सांगितलं, तर तयारीला पुरेशी वर्षं आहेत.