महाशीर माशाची वीण व नदीकाठच्या गावांचे कर्तव्य

मृगाच्या सरी कोसळून नद्यांना पहिले गढूळ पाणी आले, की उन्हाळाभर डोहात राहिलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर जाऊ लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. या दिवसांत ओढ्यांच्या तोंडाशी जाळी, टोपल्या व काठ्या घेऊन माणसांची झुंबड उडते. एका रात्रीत पाटीभर मासळी मिळते हे खरे. परंतु तीत अंड्यांनी भरलेल्या माद्याच पुष्कळ असतात, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाण्यासारखाच हा प्रकार होय.

या प्रकाराने सर्वांत अधिक नुकसान होते ते महाशीर माशाचे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांचा हा मोठा मासा काही भागांत खडची या नावानेही ओळखला जातो. अंगावर रुपयाएवढे व त्याहूनही मोठे खवले, ओठांशी मिशांच्या दोन जोड्या आणि जबड्यात दात नसले तरी शंखशिंपल्यांचा चुरा करणारे घशातील दात, ही त्याची ओळख. शेवाळ, किडे, लहान मासे यांबरोबरच काठावरील उंबराची पाण्यात पडलेली फळेही तो आवडीने खातो. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या महाशीराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. त्या नदीचे आजचे पाणी कसे आहे, हे पुणेकरांस सांगावयास नको.

विणीची रीत

रोहूची मादी आपल्या दर किलो वजनामागे दोन-तीन लाख अंडी देते. महाशीराची अंडी त्या मानाने फारच थोडी, हजारांतच मोजावी इतकी असतात. ती आकाराने मोठी व पिवळसर सोनेरी असून तळाशी बसणारी असतात. मादी ती सर्व एकाच वेळी न टाकता टप्प्याटप्प्याने टाकते. त्यासाठी तिला स्वच्छ, वाहते व प्राणवायूने भरलेले उथळ पाणी आणि गोट्यांचा व खडीचा तळ लागतो. गोट्यांच्या फटींत अंडी सुरक्षित राहतात आणि साधारणतः तीन दिवसांत फुटतात. बाहेर पडलेली पिले आणखी काही दिवस उजेडापासून तोंड लपवून, पोटाखालील बलकावर जगत, तळाशीच पडून असतात.

या सर्व काळात अंडी व पिले जागची हलू शकत नाहीत. त्यांवर गाळाचा थर बसला तर ती गुदमरून मरतात. वाळू व गोटे उपसून नेले तर मादीस अंडी टाकण्यास जागाच उरत नाही. म्हणून वाळूचा उपसा, उतारावरील उघड्या रानातून वाहून येणारी माती आणि काठावरील झाडांची तोड या गोष्टी जाळ्याइतक्याच, किंबहुना जाळ्याहून अधिक घातक ठरतात. शेताच्या बांधबंदिस्तीचे काम मासळीच्याही हिताचे आहे, हे शेतकरी बंधूंना कोणी सहसा सांगत नाही.

जिलेटीनच्या कांड्या फोडून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा तर १८९७ च्या मत्स्य अधिनियमाने गुन्हा ठरविला आहे. पूर्वी गेळाची फळे वा रामेठ्याची साल ठेचून टाकीत. आता कीटकनाशके टाकली जातात. त्यांनी डोहातील लहानमोठा प्रत्येक जीव मरतो आणि तेच पाणी खालच्या गावची गुरे पितात.

पश्चिमेकडील उदाहरण

महाशीराप्रमाणेच विणीसाठी नदी चढून जाणारा सॅमन हा मासा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विपुल आहे. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ या नावाने विकला जाणारा रावस हा त्याच्या कुळातील नव्हे.) तो समुद्रात वाढतो व आपण जन्मलेल्या ओढ्यात परत येऊन अंडी घालतो. अलास्कातील ब्रिस्टल उपसागराच्या नद्यांकाठी मचाण उभारून माणसे वर जाणारे मासे मोजतात. विणीपुरते मासे पुढे गेल्याची खात्री होईल त्या प्रमाणातच खाली मासेमारीस मुभा मिळते. आधी बीज, मग पीक, असा हा हिशेब आहे. उलटपक्षी, कोलंबिया नदीवर १९४२ मध्ये पुरे झालेल्या ग्रँड कूली धरणास माशांसाठी वाट ठेवली नव्हती. त्यामुळे वरच्या खोऱ्यातील सॅमन नाहीसा झाला. एल्व्हा या नदीवरील दोन धरणे मात्र २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली आणि मासे वर जाऊ लागले.

आपल्याकडे धरणे पाडण्याचा प्रश्न नाही. परंतु कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पहिल्या पुरापूर्वी सर्व गाळ्यांतून काढणे हे तर हातचे काम आहे. दोनचार गाळ्यांतील बर्गे आळसाने तसेच राहिले, की उघड्या गाळ्यांतून पाण्याचा लोट जोराने येतो, मासे पायथ्याशी अडतात आणि तेथेच त्यांची शिकार होते.

बीज सोडण्याविषयी

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराचे बीज तयार केले आहे. या कामास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या संशोधनाचा मोठा आधार मिळाला. मात्र बीज मिळते म्हणून ते कोणत्याही नदीत सोडावे, असे नव्हे. दख्खनी महाशीराचे बीज कावेरीत सोडल्यानंतर तेथे त्याचीच संख्या वाढली आणि कावेरीचा मूळचा मोठा, पाठीला कुबड असलेला महाशीर मागे पडला. त्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली व त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. यास्तव ज्या खोऱ्याचा मासा त्याच खोऱ्याचे बीज, हा नियम कटाक्षाने पाळावा. आणि विणीची जागा नष्ट झालेल्या नदीत बीज सोडून खर्च करू नये.

डोह राखावेत

काही गावांनी हे काम देवाच्या नावाने केव्हाच केले आहे. वाडा तालुक्यात तिळसे येथे तिळसेश्वराच्या मंदिरापाशी वैतरणेतील, तसेच महाड तालुक्यात वाळण कोंड येथील महाशीरांना कोणी धरीत नाही. अशा डोहांतून नदीच्या इतर भागास बीज मिळू शकते. देवस्थान नसलेल्या गावानेही आपल्या हद्दीतील एक खोल डोह ग्रामसभेच्या ठरावाने राखीव करावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थापन झालेल्या गावसमितीने लोकनोंदवहीत त्याची नोंद घ्यावी. आंबोली येथील हिरण्यकेशीच्या उगमस्थानास तेथील एका चिमुकल्या माशासाठी २०२१ मध्ये वारसास्थळाचा दर्जा मिळाला, हे उदाहरण ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नदीवर पोट असणाऱ्या भोई व कातकरी कुटुंबांना या ठरावात प्रथमपासून सामील करून घ्यावे. मासे कोठे चढतात व कोठे अंडी टाकतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. चढणीच्या दिवसांतील बंदी केवळ त्यांच्यावर लादून, हौसेने येणाऱ्या पाहुण्यांना मोकळीक दिल्यास ठराव एक पावसाळाही टिकणार नाही. पहिला पूर कोणत्या तारखेस आला, मासे प्रथम कोठे दिसले, गोट्यांच्या कोणत्या पट्ट्यात लहान पिले आढळली आणि बंधाऱ्याचे बर्गे केव्हा काढले, एवढ्या चार गोष्टी दरवर्षी एका वहीत लिहून ठेवाव्यात.