दातांचा एक्स-रे : भीती आणि उपयोग

काही वर्षांपूर्वी शाळेत दंततपासणी झाली. आमच्या वर्गातील अकरा वर्षांच्या एका मुलास ‘दाढेचा एक्स-रे काढावा’ अशी चिठ्ठी मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील येऊन म्हणाले, “सर, दाढ तर वरून स्वच्छ दिसते. मग पोराच्या तोंडात ते किरण कशाला सोडायचे?” आम्हांस उत्तर देता आले नाही. सहा महिन्यांनी मुलाचा गाल सुजला आणि ती कायमची दाढ काढावी लागली. त्या वेळी जे सांगावयास हवे होते ते आज येथे सांगत आहोत. आम्ही दंतवैद्य नव्हे, शिक्षक आहोत. वाचून व विचारून जे समजले तेवढेच लिहितो.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे लावला. पुढे थोड्याच आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे स्थिर राहावे लागले. आज हेच काम सेकंदाच्या अंशात होते.

यातील तत्त्व सोपे आहे. गाल व हिरड्या यांतून हे किरण सहज पार होतात. चुना आणि स्फुरद यांनी घट्ट झालेल्या भागात ते अडतात. किरण अडतात तेथे चित्र पांढरे, पार जातात तेथे काळे. दाताचे वरचे कवच सर्वांत कठीण, म्हणून ते पांढरे दिसते. त्याखालचा थर करडा आणि मधला, शिरा व रक्तवाहिन्या असलेला गाभा काळसर. कीड लागली म्हणजे तेथील चुना विरघळतो आणि चित्रात काळा डाग उमटतो. मुळाच्या टोकाशी गळू झाले असेल तर तेथेही काळी छाया दिसते. दोन दाढांच्या फटीतली कीड तर नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. त्या मुलाच्या दाढेत नेमके हेच झाले होते.

चित्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात एकदोन दात मुळांसकट दिसतात. दुसऱ्यात एक लहान पट्टी दातांखाली चावून धरावयाची असते. फटीतली कीड शोधण्यास हा प्रकार उत्तम. तिसऱ्यात यंत्र डोक्याभोवती फिरते आणि दोन्ही जबडे एकाच चित्रात येतात. हिरडीत अडकलेली अक्कलदाढही त्यात सापडते.

आता भीतीविषयी. ती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी वर्षानुवर्षे उघड्या हातांनी हे काम केले. त्यांच्या हाताला कर्करोग झाला, हात कापावा लागला आणि १९२८ साली त्यांचा करुण अंत झाला. अशा अनुभवांतूनच पुढचे नियम झाले. आज आपल्या देशात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख असते. एका लहान चित्रात मिळणारे किरण, माती, आकाश व अन्न यांतून आपणास एका दिवसात सहज मिळतात, साधारण तेवढेच असतात.

तरीही किरण विनाकारण घेऊ नयेत. “यातून काय कळणार?” असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. जुनी चित्रे जपून ठेवून दाखवावीत, म्हणजे तेच चित्र पुन्हा काढणे टळते. गर्भवती भगिनींनी तसे आधी सांगावे. गरजेचे चित्र त्यांनाही घेता येते.

शेवटी पालकांना एक विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरची माणसे तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेल, दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. ती दाढ कायमची असते. एकदा गेली की पुन्हा येत नाही.