एका शरीरात दोन ब्लड कॅन्सर?

ब्लड कॅन्सर म्हणजे एकच आजार, असं वाटतं ना तुम्हाला? सिनेमानं आपल्याला तेच शिकवलंय. प्रत्यक्षात ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा असे त्याचे कितीतरी प्रकार आहेत. आणि क्वचित एकाच पेशंटमध्ये दोन प्रकार एकाच वेळी सापडतात. उदाहरणार्थ, सीएलएल हा संथ वाढणारा ल्युकेमिया आणि सोबत प्लाझ्मा पेशींचा मायलोमा.

असं होतं कसं? रक्तपेशी बोन मॅरोतल्या मूळ पेशींपासून बनतात. कधी एकाच बिघडलेल्या पेशीतून दोन्ही आजार निघतात, कधी दोन पेशी स्वतंत्रपणे बिघडतात. जनुकीय चाचण्यांतून हा फरक कळू शकतो. खरा धोका वेगळाच आहे. एक कॅन्सर सापडला की शोध थांबतो. मग मायलोमामुळे दुखणारी हाडं, किडनीचा त्रास, सगळं पहिल्याच आजाराच्या नावावर खपून जातं. दोन्ही सापडले, तर साधारणपणे जास्त आक्रमक असलेल्याचा उपचार आधी होतो.

काही ब्लड कॅन्सरमध्ये बोन मॅरो प्रत्यारोपण करावं लागतं. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते व्हीलचेअरवरून काम करत!

आता तुमचा रोल. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के असते. म्हणून अनोळखी दाते लागतात. 'दात्री'सारख्या रजिस्ट्रीत १८ वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं. सुरुवातीला गालाच्या आतून फक्त कापसाचा बोळा फिरवतात. पुढे कुणाशी जुळलं, तर बहुतेक वेळा प्लेटलेट देतात तशाच पद्धतीनं हातातून रक्त घेऊन मूळ पेशी वेगळ्या करतात.

पण मित्रांनो, सेल्फीपुरती नोंदणी नको. प्रत्यारोपणाआधी पेशंटला जोरदार केमो देऊन त्याचा मॅरो रिकामा करतात. तेव्हा दात्यानं माघार घेतली, तर पेशंटचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे घरी आई-पप्पांशी आधी बोला, मगच हो म्हणा.

आणि स्वतःकडेही बघा. न उतरणारा ताप, सततचा थकवा, घटणारं वजन, मानेत गाठ, हिरड्यांतून रक्त, असं काही असेल तर 'परीक्षेचं टेन्शन' म्हणून सोडू नका. बहुतेकदा कारण साधंच निघतं. पण डॉक्टरांना दाखवा, सीबीसी करून घ्या. त्यासाठी अमळनेरहून मुंबई गाठावी लागत नाही.