वसई नेमकी कधी सर झाली?

मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांवरील विजयाची आठवण जागवली जाते. साल 1739, याबद्दल वाद नाही. तारीख शोधायला गेलात, तर मात्र 5, 12, 16 आणि 23 मे अशा चार तारखा समोर येतात.

गंमत म्हणजे यातली एकही खोटी नाही. पोर्तुगालने ग्रेगोरियन कालगणना 1582 मध्येच स्वीकारली. इंग्लंड 1752 पर्यंत जुन्या ज्युलियन कॅलेंडरला चिकटून राहिले. अठराव्या शतकात दोन्हींत 11 दिवसांचे अंतर होते. शरणागतीचा तह पोर्तुगीजांच्या लेखी 16 मेचा, इंग्रजी हिशेबाने 5 मेचा. पोर्तुगीज किल्ला सोडून गेले तो दिवस तसाच 23 किंवा 12. पुढे तारखा या पुस्तकातून त्या पुस्तकात गेल्या. कालगणना कोणती, हे सांगायचे राहून गेले.

ऑनलाइन ज्ञानकोशाची खरी परीक्षा इथे आहे. 2005 मध्ये ‘नेचर’ने 42 विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाला ही तपासणीच मान्य झाली नाही, ते असो. पण त्या नोंदी इंग्रजीतल्या, असंख्य डोळ्यांखालून जाणाऱ्या. 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लिहिते हात कमी. एखाद्या गावाच्या पानावरची चूक तिथे निवांत मुक्काम ठोकू शकते.

तरीही शोध घेतला की विकिपीडिया वरच दिसतो. गूगलची मूळ पेजरँक पद्धत दुव्याला मत मानते, आणि वजनदार पानाच्या मताला जास्त किंमत देते. आज त्यात अनेक निकष मिसळले आहेत. पण दुव्यांच्या मोजणीतून पानाचा दबदबा कळतो, तारखेचा खरेपणा नव्हे. 2012 पासून तर गूगल चौकटीत थेट उत्तरच दाखवू लागले. त्या चौकटीत दोन कालगणना कशा मावणार?

छापील कोशाचे दुखणे निराळे. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. त्याआधी छापलेल्या ग्रंथांत वसई ठाणे जिल्ह्यातच राहणार. विकिपीडियावर ही दुरुस्ती मिनिटभरात होते. खोडसाळपणाही तेवढ्याच वेळात होतो, पण ‘इतिहास पहा’ या कळीमागे प्रत्येक बदलाची नोंद उरते. वसईच्या तारखेला तळटीप असेल, तर ती उघडून ग्रंथकाराने कोणत्या दप्तरातली कागदपत्रे वापरली तेवढे पाहायचे: पोर्तुगीज असतील तर किल्ला सोडल्याचा दिवस 23, इंग्रजी असतील तर 12.