सापाची लस नेमकं काय करते?

भोर-वेल्ह्यात भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश वाढतात. ‘लस मिळाली की माणूस बरा, तासभर इकडे-तिकडे चालेल,’ असं बरेचजण धरून चालतात. पण ही लस म्हणजे प्रतिविष (घोड्याच्या रक्तातून मिळवलेली विषविरोधी प्रथिनं). ते शरीरात मोकळं फिरणारं विष पकडतं; आधी झालेली इजा ते भरून काढत नाही. कणगीत शिरणारं पाणी अडवलं तरी भिजलेलं भात वाळत नाही, तसंच हे. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून आणायची गरजच नाही. वारेस्प्लॅडिब या विषावरच्या नव्या गोळीची चाचणी भारत-अमेरिकेतल्या रुग्णांवर झाली, तीही नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून. आज भिस्त लशीवरच. दंशाचा हात-पाय हलवू नका, मांत्रिकाकडे थांबू नका, १०८ला फोन करा.