घरच्या घरी जाळीकाम : स्वस्तातला स्क्रोल सॉ घेण्यापूर्वी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे दोन डोंगराळ तालुके आहेत. भाताची झोडणी उरकली, दिवाळी सरली की इथली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टी आणि बांधकामाच्या कामाला वसई-भिवंडीकडे निघतात. सुतारकीचा हुन्नर हातात असलेली माणसेही त्यात असतात. दारे-खिडक्यांचे काम बारमाही नसते आणि लहान गावात ते किती मिळणार, हाही प्रश्नच आहे. अशा कारागिराला घरी बसून, पडवीत टेबल मांडून करता येईल असा अल्पभांडवली धंदा म्हणून लाकडी जाळीकामाकडे आम्ही पाहतो. त्यासाठी लागणारे यंत्र म्हणजे स्क्रोल सॉ. हे यंत्र घेताना पैसे कुठे टाकावेत आणि कुठे वाचवावेत, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोखाड्याचा बोहाडा आणि त्यातले मुखवटे सर्वांना ठाऊक आहेत. यंत्र आणले की मुखवटे भराभर निघतील, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नये. मुखवटा पटाशीने आणि मोगरीने कोरून काढायचा असतो. स्क्रोल सॉ फळीतून आरपार कापतो, खोदत नाही. त्याचे खरे काम म्हणजे जाळी, कंगोरे, अक्षरे, लाकडी कोडी, खेळण्यांचे सपाट भाग आणि रेहलच्या पाखांवरची नक्षी. रेहलची एकाच फळीतून निघणारी बिजागरी मात्र अजूनही हातकरवत आणि पटाशीनेच करावी लागते.

आमच्या वाचकांना यात सर्वांत जवळचा माल म्हणजे खत्ताती, म्हणजे लाकडात कापलेली सुलेखनाची चौकट. यंत्राची निवडही नेमकी इथेच ठरते. बाजारात दोन जातींची पाती मिळतात. एका जातीच्या टोकाला आडवी पिन असते, ती खोबणीत अडकवली की काम झाले. दुसऱ्या जातीचे टोक साधे असते, ते स्क्रूने आवळावे लागते. पिनचे पाते बसवायला सोपे म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. पण ‘मीम’ किंवा ‘वाव’चा डोळा आतून कापायचा असेल तर आधी भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते. पिन जाण्यासाठी भोक पाच मिलिमीटरच्या आसपास लागते, आणि लहान अक्षराचा सबंध डोळाच तेवढा नसतो. साधे पाते दीड मिलिमीटरच्या भोकातून जाते. म्हणून फक्त पिनचे पाते घेणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी आमच्या मते ते घेऊ नये. दोन्ही जातींची पाती घेणारी यंत्रे साध्या वर्गातही मिळतात.

नुक्त्यांची अडचण वेगळी आहे. अक्षर कापून सुटे झाले की नुक्ता गळून पडतो, म्हणून मागे पातळ प्लाय लावून त्यावर अक्षरे आणि नुक्ते चिकटवावेत. आयत घ्यायची असेल तर मजकूर अरबी जाणणाऱ्या आलिमांकडून तपासून घेतल्याशिवाय पाते चालवू नये, कारण एक नुक्ता चुकला तर अर्थ बदलतो आणि लाकडावर खोडरबर चालत नाही. कापताना निघालेले अक्षरांचे तुकडे पायदळी येऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रात काय पाहावे

जाहिरातीत १६ इंची, २० इंची असे आकडे असतात. ही पात्याची लांबी नव्हे. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे ते अंतर असते. १६ इंची यंत्रावर फळी फिरवत गेल्यास ३२ इंच व्यासाच्या गोलाच्या मध्यापर्यंत पाते पोहोचते. घरच्या कामाला याहून मोठे लागत नाही. २० इंचीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेले १६ इंची यंत्र घेणे शहाणपणाचे. साध्या यंत्रांचा वेग साधारणपणे मिनिटाला ४०० ते १६०० फेरे असतो. पातळ प्लाय आणि नाजूक वळण हळू, सहा सुती साग जरा वेगात, असा हिशेब असतो. एकाच वेगाचे यंत्र पातळ लाकूड जाळते किंवा फाडते.

दुसरी गोष्ट वजन. हलक्या पत्र्याच्या बैठकीचे यंत्र थरथरते, आणि थरथरले की रेघ चुकते. बिडाची बैठक जड असते, वाहतुकीला त्रास होतो, पण ती घ्यावी. दुकानात यंत्र चालू करायला लावून टेबलावर पाण्याचा पेला ठेवून पाहावे. बंद करून वरचा हात डावी-उजवीकडे हलवावा, तो खडखडत असेल तर सोडून द्यावे. पाते स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून पाहावे. जाळीला पन्नास भोके असतील तर हे काम पन्नास वेळा करायचे आहे!

विजेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अशा यंत्राची मोटर बहुधा १०० ते १२० वॉटची असते, म्हणजे आठ तासांना सुमारे एक युनिट. घरातल्या सिंगल फेजवर ती चालते. मात्र अर्थिंगचा तीन पिनांचा प्लग हवाच. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर असे यंत्र जुळवता येते. इंग्लंडात डेरहॅमच्या हॉबीज कंपनीने पायाने चालणारी अशी यंत्रे विकूनच नाव कमावले होते.

पाती हा कायमचा खर्च आहे. कठीण लाकडात पाते अर्ध्या तासातही बोथट होते आणि नवशिक्याच्या हातून त्याआधीच तुटते. ती डझनाने घ्यावीत. सहा सुती फळीला ५ नंबरचे पाते सुरुवातीला बरे, पातळ प्लायला २ नंबर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची मोठी बाजारपेठ आहे, पण मोखाड्याहून मुंबईला जा वा नाशिकला, दिवस मोडतोच. म्हणून यंत्र कुठेही घ्या, पाती आणि सुटे भाग कुठून मिळतील हे आधी विचारा.

लाकूड आणि धूळ

शिवण हलकी आणि कापायला मऊ, हळदूचे रेषे बारीक आणि सारखे, साग टिकाऊ पण महाग. स्वतःच्या मालकीच्या जागेतला सागही परवानगीशिवाय तोडता किंवा नेता येत नाही. म्हणून पावती देणाऱ्या वखारीतूनच माल घ्यावा. तीन मिलिमीटरच्या एमडीएफवरच्या स्वस्त चौकटी आता लेझरवर निघतात. त्या स्पर्धेत पडू नये. जाड, अस्सल लाकडाची जाळी लहान लेझरला जमत नाही, कडाही जळकी येते. गिऱ्हाईक तिथेच मिळेल. वारली आकृती कापून पर्यटकांना विकण्याचा मोह होईल. त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा वारली कारागिरांना सोबत घेऊनच ते करावे.

लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावावा आणि मुले झोपतात त्या खोलीत यंत्र ठेवू नये.

पैशांचे गणित असे मांडता येईल. समजा यंत्र १५,००० रुपयांना पडले आणि लाकूड, पाती, पॉलिश वजा जाता एका चौकटीमागे १५० रुपये सुटले, तर शंभर चौकटींत यंत्र वसूल. आठवड्याला चार विकल्या तर पंचवीस आठवडे. रमजान आणि जव्हारच्या दर्ग्याचा उरूस सोडला तर आठवड्याला चार खपतील का, हे प्रत्येकाने आपल्या ओळखी पाहून ठरवावे. शंका असेल तर काही शेकड्यांत मिळणारी हाताची फ्रेटसॉ घेऊन पहिल्या वीस चौकटी कराव्यात. त्या विकल्या गेल्या तरच यंत्राकडे वळावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची पडताळणी लागते. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे. ते अनुदान आहे, कर्ज नव्हे. त्यातून कोणती हत्यारे मिळतात ते आधी विचारून घ्यावे. पुढे एक लाखाचे कर्जही मिळते, पण त्यावर पाच टक्के व्याज आहे. व्याज टाळणाऱ्यांनी अनुदानापाशीच थांबावे. कर्ज घेण्याची सक्ती नाही.

यंत्र शक्यतो पावसाळा संपल्यावर घ्यावे. इथल्या पावसात बिडाच्या टेबलावर आठवड्याभरात गंज चढतो. वापर नसेल तेव्हा टेबलावर मेण किंवा मशीन ऑइलचा हात फिरवावा, पात्याचा ताण सैल करावा आणि पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.